फिलाडेल्फिया: आईबाबांना घेऊन दीड दिवसात काय काय बघावं?

रानजाई

नमस्कार मंडळी. आम्ही एडिसनला, न्यू जर्सीत राहतो. आईबाबा नाशिकहून आलेत आणि ऑक्टोबरमधल्या एका वीकेंडला त्यांना फिलाडेल्फियाला न्यायचं चाललंय, शनिवार पूर्ण आणि रविवारी दुपारपर्यंत. बाबांनी शाळेत आयुष्यभर इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलंय, कुठंही पाटी दिसली की शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय ते पुढं सरकत नाहीत. आईचे गुडघे दुखतात, सपाट रस्त्यावर ती हळूहळू बरंच चालते पण जिने नकोत. दोघंही शाकाहारी, अंडं चालतं.

इथले ओळखीचे लोक सगळे एकच सांगतात, लिबर्टी बेल या घंटेपुढं फोटो काढा, म्युझियमच्या पायऱ्यांवर फोटो काढा, चीजस्टेक (बीफचं सँडविच) खा आणि संध्याकाळी घरी या. मला ते पटत नाहीये, कारण बाबांनी ज्या गोष्टी पन्नास-पन्नास मुलांच्या वर्गाला फळ्यावर लिहून शिकवल्या त्या जिथं घडल्या ते गाव आहे हे, मग नीट बघू दे ना त्यांना. तर तिकिटं आधी काढावी लागतात का, गाडी न्यावी की ट्रेन, आणि काय वगळलं तर चालेल, जरा सविस्तर सांगाल का?

जुनीवाट

रानजाई, तुम्ही बरोबर विचार करताय. मी इथंच राहतो, पाहुणे आले की हाच भाग दाखवतो, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पहिली गोष्ट, इंडिपेन्डन्स हॉल आतून बघा. बरेच लोक बाहेरूनच फोटो काढून निघून जातात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. टूर फुकट आहे पण ठराविक वेळेचं तिकीट लागतं, ते सरकारी बुकिंगच्या वेबसाइटवर माणशी 1 डॉलर देऊन काढता येतं. ऑक्टोबरातले वीकेंड लवकर भरतात म्हणून आजच बसा आणि सकाळची वेळ घ्या. आधी सिक्युरिटी असते, अर्धा तास हातात ठेवून जा, मोठ्या बॅगा नेऊ नका. टूर तळमजल्यावरच असते, आईंना जिना चढावा लागणार नाही.

आत रेंजर, म्हणजे तिथला सरकारी मार्गदर्शक, तुम्हाला ज्या खोलीत नेतो तिथं 4 जुलै 1776 ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला आणि अकरा वर्षांनी त्याच खोलीत, 17 सप्टेंबर 1787 ला, राज्यघटनेवर सह्या झाल्या. खोली तशी लहानच आहे, हिरवी कापडं घातलेली टेबलं, पिसांच्या लेखण्या, आणि समोर एक उंच पाठीची खुर्ची. टेबलं त्या काळातली पण बाहेरून आणून मांडलेली आहेत, ती खुर्ची मात्र अस्सल, घटना लिहिताना वॉशिंग्टन तिच्यावरच बसायचे. तिच्या पाठीवर अर्धा सूर्य कोरलाय. शेवटच्या दिवशी सह्या चालू असताना म्हातारा बेंजामिन फ्रँकलिन शेजारच्यांना म्हणाला होता की इतके महिने हा सूर्य बघतोय पण उगवतोय की मावळतोय ते कळत नव्हतं, आता कळलं, उगवतोय. ज्या माणसानं 'आम्ही भारताचे लोक' मुलांकडून पाठ करून घेतलंय त्याला त्या खोलीत काय वाटेल ते मी सांगायला नको.

तिथून बाहेर पडलात की लगेच वेस्ट विंगमध्ये जा, त्या काळात छापलेल्या जाहीरनाम्याची आणि घटनेची प्रत आहे आणि सह्यांसाठी वापरलेली मानली जाते ती चांदीची दौत पण आहे. बाजूच्याच काँग्रेस हॉलमध्येही डोकावा. 1790 ते 1800 देशाची राजधानी फिलाडेल्फिया होती आणि संसद या इमारतीत भरायची, 1797 ला वॉशिंग्टन पायउतार होऊन अॅडम्स यांचा शपथविधी झाला तो इथंच. जिवंत असलेला सत्ताधारी शांतपणे खुर्ची सोडून घरी जातो हे तेव्हा जगात किती दुर्मिळ होतं हे बाबाच तुम्हाला सांगतील.

घंटा रस्त्यापलीकडं आहे, तिला तिकीट लागत नाही, फक्त रांग. लंडनहून 1752 ला आली आणि पहिल्याच चाचणीत तडकली, मग इथल्याच पास आणि स्टो नावाच्या दोन कारागिरांनी ती वितळवून पुन्हा ओतली, त्यांची नावं तिच्यावर आहेत, वजन साधारण 940 किलो. ती जी रुंद फट फोटोत दिसते ना, ती खरं तर दुरुस्तीची आहे, म्हणजे मूळची बारीक चीर मुद्दाम रुंद केली, कडा एकमेकींवर घासू नयेत म्हणून. आणि 1846 ला वॉशिंग्टनच्या जयंतीला वाजवताना चीर आणखी वर गेली, तेव्हापासून घंटा मुकी. लिबर्टी बेल हे नावसुद्धा तिला नंतर मिळालं, 1830 च्या दशकात गुलामगिरीविरोधी चळवळीतल्या लोकांनी दिलं.

आणि घंटेच्या दारातच एक जागा आहे जी लोक न बघता ओलांडतात. राष्ट्राध्यक्षाचं घर तिथं होतं, व्हाइट हाउस बांधून व्हायच्या आधीचं, आता फक्त भिंतींची रेघ आणि जमिनीखालचा पाया दिसतो. वॉशिंग्टन इथं राहायचे तेव्हा त्यांच्या घरात नऊ गुलाम माणसं राबत होती. पेनसिल्व्हेनियाच्या 1780 च्या कायद्यानुसार सलग सहा महिने राहिलेला गुलाम स्वातंत्र्य मागू शकत होता, म्हणून ते या लोकांना मुदत भरायच्या आत राज्याबाहेर पाठवून परत आणायचे. त्यातली ओना जज 1796 ला घरातली मंडळी जेवायला बसलेली असताना निघून गेली ती कधीच त्यांच्या हाती लागली नाही. स्वातंत्र्याची घंटा आणि हे घर अगदी लागून आहेत, दोन्ही एकत्रच बघावं असं माझं ठाम मत आहे.

चिंचगूळ

जुनीवाट यांनी इतकं छान लिहिलंय की माझं काम सोपं झालं, पण मराठी माणूस फिलाडेल्फियाला जातो आणि आनंदीबाईंचं नाव कुणी काढत नाही याचं मला दर वेळी नवल वाटतं! डॉ. आनंदीबाई जोशी याच शहरात शिकल्या, विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियामध्ये, आणि 11 मार्च 1886 ला त्यांना पदवी मिळाली तेव्हा त्या एकवीस वर्षांच्यासुद्धा झाल्या नव्हत्या. समारंभाला गोपाळराव होते आणि पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. रमाबाईंचं हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरचं गाजलेलं इंग्रजी पुस्तक पुढच्या वर्षी या फिलाडेल्फियातच छापलं गेलं आणि त्याला प्रस्तावना लिहिली ती आनंदीबाईंच्या कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी.

कॉलेज तेव्हा गिरार्ड कॉलेजजवळ नॉर्थ कॉलेज अव्हेन्यूवर होतं. ते पुढं विलीन होत होत आता ड्रेक्सेल युनिव्हर्सिटीकडं आलंय आणि जुने कागद त्यांच्या संग्रहात जपलेत. तो प्रसिद्ध फोटो, साडीतल्या आनंदीबाई, शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली, तो 1885 चा फोटो त्याच संग्रहातला. ती पर्यटनाची जागा नाही, अभ्यासकांना आधी वेळ ठरवून जावं लागतं आणि तुम्ही तर शनिवार-रविवारी जाताय, पण फोटो ऑनलाइन बघता येतो, तो आदल्या रात्री आईबाबांना दाखवा आणि गाडीत सगळी गोष्ट सांगा. कल्याणची मुलगी, 1883 ला नवऱ्याशिवाय बोटीनं आली, आधी राहिली ती तुमच्याच न्यू जर्सीत रोझेलला, पत्रांतून ओळख झालेल्या कार्पेंटरबाईंकडं, मग थंडीत, घरच्या अन्नावाचून, तब्येत ढासळत असताना तीन वर्षं शिकली. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेली, कोल्हापूरच्या हॉस्पिटलमधली नेमणूक हातात असताना. अस्थी कार्पेंटरबाईंकडं पाठवल्या, त्या न्यूयॉर्क राज्यात पकिप्सीच्या स्मशानभूमीत आहेत. फिलाडेल्फियाच्या त्या विटांच्या रस्त्यांवरून चालताना मला घंटेपेक्षा त्यांचीच आठवण जास्त येते.

गव्हाचीपेज

वरच्या दोघांना अनुमोदन, पण पायऱ्यांबद्दल मी थोडं वेगळं सांगेन. आर्ट म्युझियमच्या बाहेरच्या त्या 72 पायऱ्या, ज्या 'रॉकी' सिनेमामुळे प्रसिद्ध झाल्या, त्या आईंसाठी नकोतच, मागच्या बाजूनं सपाट प्रवेश आहे तिथून आत जा. कारण आत मदुराईच्या मदनगोपालस्वामी मंदिरातला दगडी मंडप आहे, सोळाव्या शतकातला, अख्खाच्या अख्खा खांबांसकट उभा केलेला! अॅडलिन गिब्सन नावाच्या बाई 1912 ला मदुराईला गेल्या होत्या, मंदिराच्या आवारात सुटे पडलेले हे खांब त्यांनी विकत घेतले, आणि त्या गेल्यावर 1919 ला घरच्यांनी ते म्युझियमला दिले. खांबांवरच्या मूर्तींसमोर उभं राहिलं की अभिमानही वाटतो आणि हे इथं का, असंही वाटतं. मला दोन्ही वाटलं. लिफ्ट आहे, बसायला बाक आहेत, व्हीलचेअर मिळते. महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी तिकिटाचे पैसे आपल्या मर्जीनं द्यायचे असतात, तारीख जुळली तर बघा.

जेवणाचं म्हणाल तर शनिवारी रीडिंग टर्मिनल मार्केट. 1893 पासूनचा बाजार आहे, वर रेल्वेची शेड आणि खाली मंडई. आमिश (जुन्या, साध्या राहणीचा ख्रिस्ती पंथ) लोकांचे स्टॉल बहुतेक रविवारी बंद असतात म्हणून शनिवारच धरा, त्यांचे ताजे डोनट आणि गरम प्रेटझेल आईबाबांना नक्की आवडतील. बॅसेट्सचं आइस्क्रीम तिथं बाजार सुरू झाल्यापासून आहे. चीज, भाज्या, फलाफल, सगळं मिळतं, फक्त दुपारी बारा ते दोन बसायला जागा मिळणं कठीण, अकराला पोचा.

चीजस्टेक अर्थातच तुमच्या कामाचं नाही. संध्याकाळी वरणभातासारखं काही हवं असेल तर वेस्ट फिलाडेल्फियात युनिव्हर्सिटीच्या पलीकडं भारतीय हॉटेलं आहेत.

रानजाई

बापरे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप धन्यवाद. बाबांना आनंदीबाईंचा भाग वाचून दाखवला तर ते उठून खिडकीपाशी गेले आणि थोड्या वेळानं म्हणाले रोझेल इथून किती लांब आहे. फार लांब नाही, त्यामुळे तेही आता यादीत आलंय.

तिकिटं मिळाली, शनिवार सकाळी दहाची. आता शंका अशी की बाबांना जुना तुरुंग पण बघायचाय, ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी, आणि आईला काहीतरी शांत, घरं-बिरं असलेलं हवंय. एका रविवारच्या सकाळीत तुरुंग आणि मंडप दोन्ही बसतं का? आणि ट्रेनचं कुणीच सांगितलं नाही.

जुनीवाट

बसतं, दोन्ही एकाच बाजूला आहेत, फेअरमाउंट भागात, गाडीनं पाचेक मिनिटं. तुरुंग आधी करा, उघडल्या उघडल्या. 1829 ला सुरू झाला, कैद्याला पूर्ण एकटं ठेवलं की तो पश्चात्ताप करून सुधारेल अशी कल्पना होती, मधोमध एक चौकी आणि तिथून चाकाच्या आऱ्यांसारखे लांबच लांब बोळ, हा आराखडा नंतर जगभरातल्या तुरुंगांनी उचलला. 1842 ला इंग्रज कादंबरीकार डिकन्स बघायला आला होता आणि त्यानं या एकांतवासावर कडाडून टीका केली. 1970 च्या सुमाराला बंद पडला, आता पडझड तशीच ठेवलीय. जमीन खडबडीत आहे, आईंना बूट घालायला सांगा. आणि चिंचगूळ म्हणाल्या ते आनंदीबाईंचं जुनं कॉलेज इथून पायी अंतरावर होतं, त्या शिकत होत्या तेव्हा हा तुरुंग भरलेला होता.

आईंसाठी शनिवारी दुपारी एल्फ्रेथ्स अॅली. अठराव्या शतकापासून लोक सलग राहतायत अशी अरुंद गल्ली, विटांची छोटी छोटी घरं, खिडक्यांत फुलं. कारागीर लोकांची वस्ती होती, शिवणारे, लोहार वगैरे. रस्ता गोट्यांचा आहे पण कडेनं विटांचा फुटपाथ आहे. लोक खरोखर राहतात आत, तेवढं भान ठेवा. परत येताना फिफ्थ आणि आर्चच्या कोपऱ्यावर फ्रँकलिनची कबर कुंपणातून रस्त्यावरूनच दिसते, लोक तिच्यावर पेनी टाकतात.

ट्रेनचं म्हणाल तर एडिसनहून ट्रेंटन आणि तिथं बदलून सेप्टानं (फिलाडेल्फियाची लोकल) जेफरसन स्टेशन, बाहेर आलात की रीडिंग टर्मिनल मार्केट समोरच. पण तुम्हाला रविवारी फेअरमाउंटला जायचंय आणि आईंचे गुडघे आहेत, मी तुमच्या जागी असतो तर गाडीच आणली असती. इंडिपेन्डन्स हॉलजवळच्या व्हिजिटर सेंटरच्या खाली पार्किंग आहे, तिथं शनिवारी गाडी लावली की दिवसभर हलवायची गरज नाही, आणि टूरच्या आधी स्वच्छतागृहही तिथलंच वापरा, हॉलच्या आवारात गेल्यावर सोय कमी आहे.