मदत हवी आहे: ज्यांचा सर्वोत्तम प्रसंग सुरुवातीलाच संपतो असे चित्रपट

नमस्कार मंडळी, आमच्या फिल्म क्लबसाठी असे चित्रपट शोधतोय. दोन पक्के आहेत.

पहिला 'अप' (२००९). कार्ल आणि एली सहलीसाठी बरणीत पैसे साठवतात. कधी गाडीचं टायर फुटतं, कधी कार्लचा पाय मोडतो, कधी घरावर झाड पडतं आणि दर वेळी बरणी फोडावी लागते. एकही संवाद नाही, तरी अख्खा संसार डोळ्यांसमोरून जातो! पुढचे बोलणारे कुत्रे मुलांना आवडतात, पण माझं मन त्या काही मिनिटांतच अडकतं.

दुसरा 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' (१९९८). ओमाहा किनाऱ्यावरच्या गोळीबारात एक सैनिक स्वतःचा तुटलेला हात उचलून चालू लागतो. ते बघितल्यावर शेवटची पुलावरची लढाई, उत्तम असूनही, मला कमीच वाटते.

मराठी-हिंदीतलं मात्र एकही नाव पटकन सुचत नाहीये. प्लीज सुचवा, आणि नेमका कोणता प्रसंग तेही लिहा. नुसती दणक्यात सुरुवात नको; पुढे चित्रपट त्या उंचीला परत पोचलाच नाही, असं तुम्हाला मनापासून वाटलेलं हवं. जुने, कृष्णधवल असतील तर फारच उत्तम.