आरव्हीत एसी, केटल आणि इंडक्शन एकत्र चालतं का?

जर्सीकर: मंडळी, ऑक्टोबरअखेर आईबाबा सांगलीहून येतायत, त्यांना घेऊन लास वेगासहून भाड्याच्या आरव्हीने (झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) ग्रँड कॅनियनला जायचंय. आधी ट्रेलर व्हिलेजला हुकअपवाली (गाडीला वीज-पाण्याची जोडणी देणारी) जागा मिळालीये, नंतर माथर कॅम्पग्राउंड, तिथे हुकअप नाही. आईला पहाटे 5 ला चहा लागतो म्हणून केटल, इंडक्शन, मिक्सर सगळं घ्यायचं चाललंय. भाड्यावाला म्हणतो 30 अँपची गाडी आहे, काळजी नको. पण एका वेळी नेमकं काय काय चालतं? आणि हुकअप नसताना प्लग चालू असतात का?

तारतंत्र: 30 अँप गुणिले 120 व्होल्ट म्हणजे 3600 वॅट, आणि ते सगळ्या गाडीला मिळून. एसी साधारण 1500, केटल 1500, इंडक्शन फुल ठेवलं की 1800. यातलं कुठलंही दोन एका वेळी लावा, तिसरं लावलंत की ब्रेकर पडलाच, शिवाय मायक्रोवेव्ह आणि बॅटरीचं चार्जिंगही त्यातच धरायचं. ऑक्टोबरात तिकडे एसी लागणार नाही म्हणा.

माथरला मात्र भिंतीतले प्लग बंद. भाड्याच्या गाड्यांत बहुतेक वेळा इन्व्हर्टर नसतो, तेव्हा प्लग आणि मायक्रोवेव्ह फक्त जनरेटरवर, आणि तो ठराविक वेळातच लावू देतात, पहाटे 5 ला तर नाहीच नाही. बॅटरीवर 12 व्होल्टवालं तेवढं चालतं, लाइट, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा. चहा गॅसवर करा की, शेगडी असतेच!

जर्सीकर: मग सिगरेट सॉकेटमध्ये लावायचा छोटा इन्व्हर्टर घेऊन टाकू का?

तारतंत्र: त्या सॉकेटचा फ्यूज बहुधा 15 अँपचा, म्हणजे जेमतेम 180 वॅट. फोन, लॅपटॉप चालेल, केटल विसरा.

भटकी_भवानी: हीटरचं कुणी बोललंच नाही. साउथ रिम, म्हणजे कॅनियनचा दक्षिण काठ जिथे तुम्ही राहणार, 7000 फुटांवर आहे, ऑक्टोबरअखेर रात्री पाणी गोठायची थंडी पडते. हीटर गॅसवर चालतो खरा पण आतला पंखा बॅटरीवर, 80-90 वॅट खातो, रात्रीतून निम्मा वेळ जरी फिरला तरी सकाळपर्यंत 400 वॅट-तास गेले. साध्या लेड-अ‍ॅसिडच्या 100 अँप-अवरच्या बॅटरीतून वापरण्यासारखे असतात 600च, आणि ती भाड्याची, म्हणजे बिचारी आधीच थकलेली असणार. त्यामुळे माथरला पोचायच्या आधी गाडी चांगली चाललेली असू दे, म्हणजे अल्टरनेटर भरून देतो, संध्याकाळी जनरेटरची वेळ असेल तेव्हा तोही लावा. थर्मोस्टॅट 60 फॅरनहाइटवर ठेवा आणि आईबाबांना जाड रजया द्या. आणि डिझेल-पेट्रोल जे काय असेल ते भरून ठेवा, बऱ्याच गाड्यांत टाकी पाव राहिली की जनरेटर आपोआप बंद पडतो.

पुणेरी_इन_फिनिक्स: मिक्सर सांगलीहून येणार असेल तर तो 230चा, इकडे नुसता कण्हत फिरेल. चटणी घरूनच वाटून न्या. आणि वाटेत कुणाच्या घरी थांबून त्यांच्या प्लगला गाडी लावलीत तर अ‍ॅडॉप्टरने 15 अँपच मिळतात. गॅरेजमध्ये ड्रायरचा प्लग दिसला आणि त्यावरही 30 लिहिलेलं असलं तरी त्याला लावू नका, तो 240 व्होल्टचा, आतलं सगळं जळेल.

जर्सीकर: धन्यवाद मंडळी. मिक्सर कॅन्सल. आई म्हणतेय चहा गॅसवरचाच चांगला लागतो, केटल तुझ्याचसाठी होती.