आक्षीला ऑक्टोबरात वेडर (चिखलात, उथळ पाण्यात चरणारे पक्षी) बघायला जातोय, किनाऱ्यावर किती वाजता पोचावं?

सिंहगडरोडकर:
नमस्कार. आम्ही पाच मैत्रिणी नवरात्रातल्या शेवटच्या रविवारी अलिबागजवळ आक्षीला जायचं म्हणतोय. शनिवारी मुक्काम, रविवारी सकाळी किनारा. भिगवण, कवडीपाट नेहमीचे, पण समुद्रकिनाऱ्यावर पक्षी बघायला पहिल्यांदाच जातोय. दोन ८×४२ दुर्बिणी आहेत, एकीकडे १५०-६०० लेन्स. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा जावं ना? कुरवांचे (गल) मोठे थवे मिळतील का?

खाडीकाठ:
ताई, जमलं तर एक आठवडा पुढे ढकला. त्या रविवारी अष्टमी आहे. आमच्याकडे भरतीचा हिशेब तिथीच्या पाऊणपटीचा. आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास भरती. तुम्ही चहा घेऊन उतरेपर्यंत पाणी ओसरायला लागलेलं असेल. शिवाय भांगाचे दिवस, पाणी वरपर्यंत चढतच नाही.

ओहोटीला पक्षी असतात, पण लांबवर पांगलेले. ८×४२ मधून ठिपके दिसतील. चढती भरती त्यांना पुळणीकडे रेटत आणते. पुढच्या शनिवारी चतुर्दशी, भरती साडेदहाच्या आसपास. साडेसातला पोचा. आपला किनारा पश्चिमेकडे, त्यामुळे सकाळी ऊन तुमच्या पाठीवर आणि पक्ष्यांच्या अंगावर पडतं. संध्याकाळी सगळ्या नुसत्या काळ्या आकृत्या. रविवार टाळा, कोजागिरीची गर्दी असते.

आता सगळ्यात कळकळीचं. सुरूच्या बाजूला एक जागा धरा आणि खाली बसून राहा. उभं राहून, चालत जवळ जायचं नाही. थवा उडाला की तासभराची मेहनत जाते, आणि त्यांचीही. हे जीव नुकतेच हजारो किलोमीटर उडून आलेत, चरायला मिळतो तो पाणी खाली असतानाचा वेळ. भरतीत त्यांना विसावा हवा असतो. बसून राहिलात तर चिखल्ये (प्लोव्हर) आपणहून पंधरा-वीस पावलांवर येतात. मागे एकदा कोरल (युरेशियन कर्ल्यू) माझ्यासमोर चिंबोरीचं पिल्लू धरून झटकत होता. एकेक नांगी, एकेक पाय गळून पडेपर्यंत झटकलं, मग नुसता गोळा गिळला. कॅमेरा मांडीवर तसाच राहिला.

कुरव ऑक्टोबरात तुरळक. त्यांच्यासाठी नोव्हेंबरअखेर परत या.

चिखल्या_प्रेमी:
खाडीकाठ म्हणतात ते अगदी बरोबर. यादी करणार असाल तर एक भर: आपण ज्याला लेसर सँड प्लोव्हर म्हणायचो त्याच्या २०२३ पासून दोन जाती धरतात, तिबेटी आणि सायबेरियन. आपल्या किनाऱ्यावरचे तिबेटी, उन्हाळ्यात लडाखकडे वीण करणारे. ग्रेटर सँड प्लोव्हरपासून वेगळा ओळखायला चोच बघा. ग्रेटरची लांब आणि दणकट, पायही लांब आणि फिकट हिरवट-पिवळे. दोन्ही शेजारी उभे असले तर लगेच कळतं, एकटा असला तर मीही घाई करत नाही. यंदा जन्मलेल्या पिल्लांच्या पाठीवरच्या पिसांना फिकट कडा असतात, ऑक्टोबरात त्या अजून ताज्या दिसतात. मला तर याच पिल्लांसाठी हा महिना आवडतो.

सिंहगडरोडकर:
शनिवारचंच ठरवलं, चौघी तयार आहेत, पाचवी सुट्टी टाकतेय. कालवफोड्या (ऑयस्टरकॅचर) मिळेल का? एकीला त्याच्यासाठीच यायचंय.

खाडीकाठ:
आक्षीत त्याची आशा धरायला हरकत नाही. काळा-पांढरा, लाल-नारिंगी लांब चोच, चुकणार नाही. शिंपल्यांजवळ ओल्या वाळूत बघा. लाटेच्या कडेने पळणारे पांढरे-राखी गोलमटोल दिसले तर ते सँडरलिंग. त्यांच्या पायाला मागचं बोट नसतं, लेन्सवालीला सांगा, पायांचा फोटो घे म्हणावं.

नागावच्या बाजूला वॉटर स्पोर्ट्सचा गोंगाट असतो, तिकडे सरकू नका. शुक्रवारी रात्रीच मुक्कामाला या, वडखळला सकाळी अडकलात तर भरती गेली. आणि कुणाच्या पायात कडं किंवा रंगीत पट्टी दिसली तर तिच्यावरची अक्षरं वाचता येतील असा फोटो काढा आणि जागा-वेळेसह बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा.