वडिलांचा जुना ॲम्प्लिफायर नव्या टीव्हीला जोडायचाय, सल्ला द्या (बजेट ८०००)

इंदिरानगरवाला
अण्णांनी १९८६ साली घेतलेला स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर माळ्यावरून खाली काढले. पुसून लावला तर चक्क चालू झाला! पण आवाजाचं बटण फिरवलं की खरखर होते, आणि एका स्पीकरच्या कागदाभोवतीचा फोम बोट लावताच भुगा होऊन पडला. टीव्ही नवा, मागे एचडीएमआय एआरसी आणि ऑप्टिकल. ॲम्प्लिफायरला पाच पिनांची गोल सॉकेटं, वर फोनो, ट्यूनर, टेप लिहिलंय. दोघांची सोयरीक कशी जुळवायची? टीव्ही बघणार मुख्यतः आई. बजेट आठ हजार.

कॉलेजरोडकर
सरळ ५.१ चा (पाच स्पीकर आणि एक सबवूफरवाला) एव्ही रिसीव्हर घ्या. मी फ्लॅट घेतला तेव्हा बेचाळीस हजारांचा घेतला, आजवर पश्चात्ताप नाही. जुनं भंगार भद्रकालीत द्या.

तर्रीबाज
अहो, आठ हजार म्हणालेत ते! साउंडबार घ्या, एक वायर लावली की झालं.

ओझरकर_निवृत्त
भंगार म्हणू नका. त्या काळच्या ॲम्प्लिफायरचं ट्रान्सफॉर्मर हातात घेऊन बघा, मग बोला.
इंदिरानगरवाले, ऑप्टिकलमधून डिजिटल सिग्नल येतो, तुमच्या यंत्राला तो कळत नाही. मध्ये डॅक लागेल, म्हणजे डिजिटलचा साधा ॲनालॉग सिग्नल करणारी डबी, हजार-बाराशेत मिळतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज 'पीसीएम'वर, म्हणजे साध्या डिजिटलवर ठेवा. डॉल्बीवर राहिला तर साध्या डॅकमधून काही येणार नाही, नाहीतर नुसती खरखर येईल. डॅकमधून निघणारी तार 'टेप'च्या सॉकेटला लावा. तिथे ३ आणि ५ नंबरची पिन म्हणजे डावा-उजवा आणि २ नंबर अर्थिंग. तयार तार मिळाली नाही तर डाग देऊन घ्या.

सिडकोतली_स्मिता
डॅकवाल्यांसाठी एक सूचना. ऑप्टिकल वायरच्या टोकाला इवलीशी पारदर्शक टोपी असते, ती काढायची असते. मी न काढताच दाबून बसवली आणि दोन दिवस दुकानदाराच्या नावाने बोटं मोडली.

साउंडवाला_सातपूर
किती वॅटचा आहे ते आधी सांगा. आमच्या सेटवर दोन हजार वॅट लिहिलंय, गणपतीत अख्खी गल्ली हलते.

ओझरकर_निवृत्त
ते पीएमपीओ, जाहिरातीसाठी फुगवलेला आकडा. तसं मोजलं तर आमचा मिक्सरपण पाच हजार वॅटचा निघेल. घरातल्या खोलीला खरे २५-३० वॅट पुष्कळ झाले.

साउंडवाला_सातपूर
काका, तुम्ही आमच्या मंडपात या एकदा.

गोदाकाठ
फोनोत मात्र चुकूनही लावू नका. मी डीव्हीडी प्लेअर लावला होता, लता मंगेशकर पत्र्याच्या पिंपात बसून गातायत असं वाटलं. फोनो रेकॉर्ड प्लेअरच्या बारीक सिग्नलसाठी असतं, ते सिग्नल साधारण शंभर पट वाढवतं आणि वर खर्जही फुगवतं. आणि खरखरीवर तेल सोडू नका! मी शिलाई मशीनचं सोडलं होतं. आठ दिवस गुळगुळीत, नंतर धूळ चिकटून पहिल्यापेक्षा वाईट. काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो. प्लग काढून मारा आणि बटण वीस-तीसदा इकडून तिकडे फिरवा.

कॉलेजरोडकर
म्हणूनच म्हणतो, रिसीव्हर घ्या. जुना ॲम्प्लिफायर ठेवायचाच असेल तर रिसीव्हरच्या प्री-आउटला (दुसऱ्या ॲम्प्लिफायरकडे सिग्नल नेणारं सॉकेट) लावून पुढचे दोन स्पीकर त्यावर चालवा.

वायरमन_पंचवटी
स्वस्त रिसीव्हरना प्री-आउट फक्त सबवूफरचं असतं, घेण्याआधी मागची बाजू बघा. आमच्या मेहुण्याने रिसीव्हरची स्पीकरची तार सरळ ॲम्प्लिफायरच्या इनपुटमध्ये घातली. धूर.

तर्रीबाज
साउंडबार.

सिडकोतली_स्मिता
जुन्या स्पीकरवर ८ ओहम लिहिलंय का बघा. आणि दोन्हीकडे लाल लालला, काळी काळीला. एक उलटी झाली तर खर्ज गायब होतो आणि आपण स्पीकरला दोष देत बसतो.

ओझरकर_निवृत्त
डॅक घ्या, हे पुन्हा सांगतो. टीव्हीला हेडफोनचं भोक असेल तर त्या मोहात पडू नका, आवाज पातळ येतो.

इंदिरानगरवाला
सगळ्यांचे आभार. शेजाऱ्यांचा डॅक आणून लावला होता. आवाज खणखणीत, ओझरकर काका म्हणाले तस्सा. पण ऑप्टिकलवर टीव्हीचा रिमोट आवाज कमीजास्त करेना आणि ॲम्प्लिफायरला रिमोट नाही. जाहिरात लागली की आई कण्हत उठणार, बटण फिरवणार, मालिका सुरू झाली की पुन्हा उठणार. गुडघे दुखतात हो तिचे. तिसऱ्या दिवशी तिने सेटच बंद करून टाकला.
म्हणून शेवटी हेडफोनच्या भोकातूनच तार घेतली. एम. जी. रोडवर दीडशेला मिळाली, पुढे पाच पिनांचा जोड डाग देऊन घेतला. ॲम्प्लिफायरचं बटण निम्म्यावर ठेवलंय, बाकी सगळं रिमोटवर. उरलेल्या पैशात दोन्ही वूफरचा फोम बदलला.

ओझरकर_निवृत्त
मग विचारलं कशाला? डॅकवर मी एवढं लिहिलं.

इंदिरानगरवाला
काका, ३ आणि ५ नंबरची पिन तुम्हीच सांगितलीत की.

गोदाकाठ
फोम कितीचा घेतला? माझ्याकडेपण एक जोडी पडून आहे.

इंदिरानगरवाला
८ इंची. स्पीकरच खोलून सोबत नेला, दुकानदाराने आतलं-बाहेरचं माप घेऊन दिला. चिकटवल्यावर रात्रभर हलवू नका.