मदत हवी आहे: फटाक्यांना घाबरून कुत्री न्हाणीघरात कोंडून घेते, दिवाळीआधी काय करता येईल?

आमची चिंगी साडेतीन वर्षांची, देशी, वजन १६ किलो. एरवी घाबरट नाही. कुकरची शिट्टी, भंगारवाल्याचा भोंगा, सध्या खाली चाललेला ढोल-ताशा, कशाचं काही नाही. फटाका वाजला की मात्र संपलं.

गेल्या नरक चतुर्दशीला पहाटे साडेचारला कोणीतरी सुतळी बॉम्ब लावला. (पुण्यातली सोसायटी, पहिला फटाका कोणाचा यावर चुरस.) मी उटणं कालवत होते. चिंगी कॉटखालून निघाली ती थेट न्हाणीघरात, बादली आणि भिंतीच्या फटीत. तिथे तिचं अंग धड मावतही नाही. तोंड कोपऱ्यात, धाप लागलेली, लाळेने छातीचे केस चिकट. तिला शांतता मिळावी म्हणून मी दार लोटलं, तर तिने ते इतकं ओरबाडलं की पुढच्या पायाचं एक नख मुळातून निघालं. रात्री साडेअकरापर्यंत शू केली नाही.

लक्ष्मीपूजनाला एकाने सुचवलेली झोपेची गोळी दिली. पाय लुळे पडले, तिसरी पापणी अर्ध्या डोळ्यावर आली, पण झोप नाही. प्रत्येक आवाजाला कान थरथरत होते. बघवत नव्हतं.

दिवाळीला सात आठवडे आहेत. फटाक्यांचे आवाज आधीपासून ऐकवून सवय लावतात म्हणे, कोणी केलंय का? गोळी द्यावी की नकोच? आणि सासरे म्हणतात, घाबरली की जवळ घेऊ नकोस, लाडाने भीती वाढते. खरं आहे का? गावाला जा हे कृपया सांगू नका, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.

रानमोडी:
आवाजाची सवय मी दोन कुत्र्यांना लावून पाहिली. एकाला फरक पडला, दुसऱ्याला नाही. विसर्जन होऊ द्या, मग सुरू करा. मध्येच खरा फटाका वाजला तर केलेलं पाण्यात जातं. आवाज इतका बारीक ठेवा की तिने फक्त कान वळवावा. आधी आवाज, लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. हा क्रम उलटा करू नका, नाहीतर चिकन दिसलं की आता धडाम होणार असं ती शिकेल. पाच मिनिटं, बास. खायचं थांबली म्हणजे आवाज जास्त झाला, दोन पायऱ्या मागे या. मोबाइलच्या स्पीकरवर करू नका, बॉम्बचा तो पोटात जाणवणारा दणका त्यातून येतच नाही.

कडुलिंब:
मी पशुवैद्यक आहे. इथे डोस सांगणार नाही, विचारू नका. वर्णनावरून गेल्या वर्षीची गोळी ॲसप्रोमाझिन असावी. तिने शरीर सुस्त होतं, भीती तशीच राहते. काही कुत्री तर आवाजाला जास्तच दचकतात. फटाक्यांसाठी ती एकटी देऊ नये. तुमच्या डॉक्टरांना ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन यांबद्दल विचारा. माणसांचं गॅबापेंटिनचं पातळ औषध परस्पर देऊ नका, काहींत झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्यांना विषारी आहे.

दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, आधी एखाद्या शांत दिवशी गोळी देऊन बघा, दिवाळीत पहिल्यांदा नको. दुसरी, भीती चढायच्या आत औषध पोटात हवं, साधारण दीड-दोन तास आधी. म्हणजे साडेचारच्या बॉम्बसाठी अडीचचा गजर.

सासऱ्यांना सांगा, भीती ही काही खोड नाही की लाडाने वाढेल. ती अंगाला येऊन चिकटली तर खुशाल जवळ घ्या. लपली असेल तर मात्र ओढून काढू नका.

झाडावरची मनी:
आमचा बोका माळ्यावर जाऊन बसतो. आम्ही शिडी काढत नाही, तिथेच पाणी ठेवतो. एक अवांतर पण महत्त्वाचं: चिवड्याचं ताट खाली ठेवू नका. बेदाणे कुत्र्यांच्या किडन्यांना घातक असतात. पाहुण्यांना हे माहीत नसतं, ते प्रेमाने भरवतात.

खवचट_काका:
वर्षातले चार दिवस. पोरांनी फटाके उडवायचेच नाहीत का?

धागाकर्ती:
काका, बंदीची मागणी केलेली नाही. माझाच मुलगा नऊ वर्षांचा आहे, फुलबाज्या आणि भुईनळे आणतोच. मी न्हाणीघराबद्दल विचारतेय.

कडुलिंब:
न्हाणीघर तिने बरोबर निवडलंय. आतल्या बाजूला, खिडकी लहान. काका, फटाक्याला नियमानेच चार मीटरवर १२५ डेसिबलपर्यंत मुभा आहे, आणि माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं तिथे कुत्र्याला ४५ हजारांच्या आसपास. तिला काय ऐकू येत असेल ते आपल्याला कळणारही नाही.

ताई, बादली आत्ताच हलवा, गोधडी टाका, रोजचं एखादं जेवण तिथेच द्या. दाराला पाचर लावून ठेवा, बंद व्हायला नको. नख त्यामुळेच गेलं. झरोक्याला जाड चादर, आत पंखा चालू. आणि अडीचला उठणारच आहात तर गोळी देऊन लगेच खाली शू करवून आणा, तेव्हा सहसा शांत असतं. पट्टा आणि हार्नेस, दोन्हींना वेगळी दोरी. गळ्यात फोन नंबर.

धागाकर्ती:
खूप आभार. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, शुक्रवारची. बादली गॅलरीत गेली, गोधडी टाकली. चिंगीने वास घेतला, एक चक्कर मारली आणि बाहेर येऊन सोफ्यावर झोपली. ठीक आहे, सात आठवडे आहेत.

अभ्यंगस्नान यंदा दुसऱ्या बाथरूममध्ये, सगळ्यांचं रांगेत. तुमचा प्रतिसाद सासऱ्यांना वाचून दाखवला. काही बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, "अडीचचं माझ्याकडे दे, मी तसाही उठलेलाच असतो."