सायटिकात सूज दाबायची, की तिला तिचं काम करू द्यायचं?

रामबागकर
क्लॉथ मार्केटात दिवसभर गादीवर मांडी घालून बसायचं आणि पाठीतली गादी (मणक्यांमधली चकती) सरकून पायात कळ उतरली, म्हणजे सायटिका झाली, की मेडिकलवरून सूज उतरवणारं डायक्लोफिनॅक पाच दिवसांचं आणायचं, ही आपल्या इंदूरची रीतच झाली आहे. माझं मत: पहिल्या आठवड्यात ही गोळी सवयीने घेऊ नये.

चकतीच्या आतल्या गराला रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे प्रतिकारयंत्रणेची आणि त्याची गाठच पडलेली नसते. बाहेरचं कडं फाटून तो कण्याच्या नळीत उतरला की परका ठरतो. त्याच्याभोवती नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, त्यांतून भक्षक पेशी येतात आणि तुकडा कुरतडत संपवतात. २०१५ सालच्या एका आढाव्यात पूर्ण तुटून पडलेले तुकडे ९६ टक्के वेळा आपोआप आक्रसलेले दिसले, नुसता फुगवटा मात्र १३ टक्केच. म्हणजे एमआरआयवरचा ज्या शब्दाने घरच्यांचे चेहरे उतरतात, तो ‘सिक्वेस्ट्रेशन’च (तुकडा पूर्ण तुटून पडणं) बरा होण्यात पुढे. ही सगळी धावपळ म्हणजेच सूज; ती दाबली तर हे काम करणार कोण?

ओपीडी_खोली_तीन
असहमत. कुरतडणारी फौज आणि कळ उठवणारी फौज एकच आहे, हे तुम्ही गाळलंत. स्वीडनमध्ये १९९३ साली डुकरांच्या मज्जातंतूंच्या मुळांवर त्यांच्याच चकतीचा गर नुसता ठेवला, दाब अजिबात दिला नाही, तरी आठवड्याभरात तंतूंचं वहन मंदावलं. पुढे त्यामागे टीएनएफ हे रसायन सापडलं. पायात वीज धावते ती नस चिमटल्यामुळेच नव्हे, या रसायनामुळेही. माणूस कळवळून आठ दिवस पलंगावर पडला तर त्याचं स्नायूबळ जातं, आणि अंथरुणात पडून सायटिका लवकर बरी होत नाही. गोळीने तो घरातल्या घरात चालता झाला, तर मी गोळी देणार.

रामबागकर
ओपीडीसाहेब, रसायनच गुन्हेगार असेल तर ते अडवून गुण यायला हवा होता. फिनलंडमध्ये सायटिकासाठी टीएनएफ अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब शिरेतून दिलं; प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली डोसापेक्षा) सरस ठरलं नाही. अमेरिकेत २०१५ साली प्रेडनिसोन हे स्टेरॉइड ६०, ४०, २० मिलिग्रॅम असं पाच-पाच दिवस दिलं. हालचाल थोडी सुधारली, दुखणं तिथंच. आणि २०२२चं कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचं काम बघा: कंबरदुखीच्या ९८ रुग्णांपैकी तीन महिन्यांत जे बरे झाले, त्यांच्या रक्तात सुरुवातीला न्यूट्रोफिल (सुजेत पुढे असणाऱ्या पांढऱ्या पेशी) जास्त पेटलेले होते. उंदरांना डायक्लोफिनॅक दिल्यावर दुखणं लांबलं. लिडोकेन किंवा मॉर्फिन या नुसती वेदना दाबणाऱ्या औषधांनी नाही. म्हणजे वेदना दाबल्याने नव्हे, सूज दाबल्याने.

ओपीडी_खोली_तीन
ते काम कंबरदुखीचं, सायटिकाचं नव्हे. त्यात माणसांतही अशा गोळ्या घेणाऱ्यांचं दुखणं जास्त टिकलेलं दिसलं, पण तो भाग निव्वळ निरीक्षणाचा: ज्याला जास्त दुखतं तोच जास्त गोळ्या खातो, मग दोष गोळीचा की दुखण्याचा? उंदरावरून सरळ सराफ्यातल्या शेटजींवर उडी नको, भिया. गोळीने तुकडा विरघळायचा थांबतो, याला माणसांतला पुरावा दाखवा, मी चिठ्ठी बदलतो.

औषधाची_पट्टी
तुमचं दोघांचं चालू द्या, काउंटरवर घोटाळा वेगळाच असतो. एका चिठ्ठीवर डायक्लोफिनॅक, दुसऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असेक्लोफिनॅक. पट्ट्यांचे रंग निराळे, जात एकच, आणि दोन्ही पोटात. सोबत नावाच्या शेवटी ‘प्रिल’ असलेली रक्तदाबाची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी असली की मूत्रपिंडावर तिहेरी मार. त्याहून वाईट ती कागदात बांधलेली पांढरी पुडी. अनेकदा तिच्यात स्टेरॉइड निघतं. दोन दिवसांत पेशंट पळायला लागतो आणि मधुमेह्याची साखर आभाळाला. महिनोन्‌महिने खाऊन एकदम बंद केली तर माणूस कोसळतोही. मणक्याचा टीबी असेल तर पुडी त्याला रान मोकळं करून देते. संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, रात्री पडूनही न थांबणारी कळ असेल तर आधी ईएसआर, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्तचाचण्या) आणि एमआरआय.

सकाळची_ताठरता
धाग्यात एक मोठं भगदाड आहे. तिशीतला मुलगा, सकाळी अर्धा तास पाठ लाकडासारखी, चालल्यावर सैल, पहाटे तीनला दुखून जाग. ही गादी नाही. प्रतिकारयंत्रणाच सांध्यांवर उलटली आहे. याला अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस म्हणतात; त्यात सूज उतरवणारी गोळी हाच पहिला उपचार, आणि इथं टीएनएफ अडवणारी औषधं खरंच लागू पडतात. त्याने वरचं ‘गोळी नको’ वाचून वर्ष घालवलं तर?

रामबागकर
ताठरताताई, मान्य. पहिल्या प्रतिसादात ‘गादी सरकून आलेल्या सायटिकात’ असं वाचावं. पुडीबद्दल तर वादच नाही. गोळीबद्दल मात्र मी हटत नाही: कळ सोसत नसेल तर घ्या, पण पाच दिवसांचा कोर्स पुरा करायचा म्हणून नको. तिसऱ्या दिवशी चालता येत असेल तर उरलेली पट्टी कपाटात.

ओपीडी_खोली_तीन
तिसऱ्या दिवशी फक्त कळ मोजू नका, ताकद बघा. भिंतीला हात टेकवून दहा पावलं टाचांवर, दहा चवड्यांवर. टाचांवर चालताना एक पंजा खाली पडत असेल तर कमरेच्या पाचव्या मणक्याची नस, दुखऱ्या पायाच्या चवड्यावर उचलता येत नसेल तर त्याखालची. अशी ताकद गेली तर गोळी-सूज वाद सोडून त्याच दिवशी दाखवा. लघवी तुंबली किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी एम.वाय. (इंदूरचं मोठं सरकारी रुग्णालय) गाठा.