होकार एकदाच घेऊन भागत नाही

जोडीदारांनी अ‍ॅपवरून एकमेकांचं लोकेशन, झोप, मूड यांवर लक्ष ठेवावं का, यावर ‘दोघांनीही ‘हो’ म्हटलं की ट्रॅकिंगचा प्रश्न मिटला’ असं म्हणतात. हा मुद्दा काही पटला नाही. होकार देणं सोपं, तो मागे घेणं महाकठीण. आयफोनच्या ‘फाइंड माय’ या अ‍ॅपमध्ये आपण कुठे आहोत ते (लोकेशन) शेअर करताना तीन पर्याय येतात: एक तास, दिवस संपेपर्यंत किंवा बेमुदत. एकदा बेमुदत निवडलं की पुढे कधी बंद करायचं म्हणजे भांडणाला आमंत्रणच. “का बंद केलंस? काय लपवतोयस?” म्हणून मुदत आपोआप संपणं हेच डीफॉल्ट हवं. मग खापर अ‍ॅपवर फुटतं, माणसावर नाही.

झोप, पाळी, मूड यांच्या नोंदी तर त्याहून नाजूक. ‘आज थकवा आहे’ एवढं जोडीदाराला कळलं तरी पुरे, रात्री कितीदा जाग आली याचा आलेख कशाला? (मूडचे आकडे पुढे भांडणात पुरावा म्हणून निघतात, ते वेगळंच.)

अ‍ॅपलने २०२२ मध्ये आयओएस १६ या आयफोनच्या प्रणालीसोबत ‘सेफ्टी चेक’ आणलं. त्यात सगळं शेअरिंग एका झटक्यात तोडता येतं. उत्तमच, पण ती संकटातली सोय झाली. बऱ्या चाललेल्या नात्यातही तासभर दिसेनासं होता यायला हवं, तेही समोरच्याच्या फोनवर घंटा न वाजवता.